सोनूच्या घागऱ्याचा घेर

रावेत,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय साधनाताई,
सप्रेम नमस्कार.

बॅगेत अकरा ब्लाऊज आहेत. सातांना हूक आणि हेमिंग, बाकीच्यांना नुसते हूक. अबोली रंगाचा आधी करा, ती बाई बुधवारी दारात उभी राहणार. बॅग नेहमीसारखी सुजित चाकणला कंपनीत शेखरभाऊजींकडे देतील.

आणखी एक सांगायचं आहे. फोनवर मला ते नीट जमणार नाही, म्हणून लिहिते. परवा सुमनताई सोनूला घेऊन दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, "हिच्या लग्नातला घागरा तूच शिवायचा." सोनूच्या बारशाच्या झबल्यापासून सगळे कपडे तुम्ही शिवलेत. मी म्हटलं, "साधनाताईंना विचारलं का?" तर म्हणाल्या, "तिची मान दुखती, तिला कशाला तरास? तुझ्याकडं आता नव्या फॅशनचं चांगलं होतं म्हणं." मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायच्या आधी मीच सांगते.

आता अडचण. कापड डाळिंबी आहे, रेशमी, हातातून पाण्यासारखं निसटतं. मी जुन्या साडीवर एक घागरा कापून बघितला. पसरतच नाही. कमरेपासून खाली नळीसारखा पडतो. सोनूला हवाय फिरल्यावर छत्रीसारखा उघडणारा. एवढा मोठा घेर मी एकटीनं कधी केला नाही, तुमच्या हाताखालीच केला. कसं करू ते लिहून पाठवाल का?

बाकी ठीक. शेजारचा गाळा रिकामा होतोय. सुजित म्हणतात, घेऊन टाकू. मलाही वाटतं, आता थोडं पसरावं. तुम्हाला काय वाटतं?

मानेला शेक देत जा.

तुमची,
दिव्या

*

संत तुकाराम नगर, पिंपरी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दिव्या,
अनेक आशीर्वाद.

अबोली ब्लाऊज वरच ठेवला आहे. त्याचा गळा मागून किंचित पसरत होता, तो आतून धाग्यानं आवळून घेतला. तू कापताना खांदा अर्धं बोट जास्त सोडलास. गिऱ्हाइकाला कळणार नाही, पण मला कळलं. पूर्वी मी कापायची आणि हूक तू लावायचीस. आता उलटं झालं. त्याचं मला काही नाही. चाललंय ते चांगलंच आहे.

सोनूच्या घागऱ्याचं मला तुझ्याच पत्रातून कळलं. सुमनताई तुझ्या चुलत नणंद, माझ्या सख्ख्या. थेरगावहून पिंपरीच्या मंडईत आल्या की माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नाहीत. गेल्या गुरुवारीही येऊन गेल्या. बोरं घेऊन आल्या होत्या. अर्धा तास बसल्या, कार्यालयाचं बोलल्या, आचाऱ्याचं बोलल्या, घागऱ्याचं बोलल्या नाहीत. मान माझी दुखते, हे खरं आहे. पण मानेनं कुणी शिवत नाही.

तू हो म्हणालीस ते बरंच केलंस. कुणीही म्हणालं असतं.

आता नीट वाच. कळ्यांचे तुकडे सरळ धाग्यावर कापलेस, म्हणून नळी झाली. ओरेब काप. तिरपं कापलेलं कापडच फिरतं. सोळा कळ्या कर, कमरेला चार बोटं आणि खाली हातभर. अस्तर वेगळं ठेव, वरच्या कापडाला जोडू नकोस. कॅनकॅनची कडक जाळी गुडघ्याच्या खालीच लाव, वर लावलीस तर पोरगी पिंपासारखी दिसेल. कळ्या जोडून झाल्या की लगेच खालची जरीची पट्टी लावून टाक. असलं कापड जितकं हाताळशील तितकं मळतं, म्हणून ठेवून देऊ नकोस. एवढं केलंस की झालं.

गाळ्याचं विचारलंस. पसर बाई. आपल्या कामात हा शब्द जपून वापरावा लागतो, एवढंच सांगते. घेर पसरला की बाई आरशापुढून हलत नाही आणि गळा पसरला की तीच बाई ब्लाऊज तोंडावर फेकते. आठ वर्षांपूर्वी तू जालन्याहून आलीस तेव्हा माझ्या मागच्या खोलीत तुझी एक पेटी आणि एक सतरंजी मावत होती. आता दोन गाळे लागतात. चांगलं आहे.

तुझी,
साधना

*

रावेत,
१६ नोव्हेंबर २०२४

सौ. साधनाताई यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत तशा ओरेब कळ्या कापल्या. सोळाच केल्या. मंगळवारपर्यंत जोडून होतील. गुरुवारी पट्टी लावायला बसणार आहे.

एक विचारायचं होतं. तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. त्यात काही लिहायचं राहिलं तर नाही ना? जरा आठवून बघा. कामाच्या गडबडीत एखादी गोष्ट राहते. राहिली असेल तर गुरुवारच्या आत कळवा. फोन केलात तरी चालेल, एका शब्दाचा निरोप दिलात तरी चालेल.

या वेळी बॅगेत ब्लाऊज कमी आहेत. मानेला आराम द्या.

दिव्या

*

संत तुकाराम नगर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्या,

काही राहिलेलं नाही. सगळं लिहिलं आहे. तुझा आता स्वतःच्या हातावर विश्वास हवा. दुकानाच्या पाटीवर नाव तुझं आहे, माझं नाही.

काल सोनू आली होती. तासभर तुझ्या दुकानाचंच सांगत होती. तीन बाजूंनी आरसे आहेत, बसायला सोफा आहे, कॉफी मिळते. "दिव्यामामी घागरा असा पसरवणार आहे ना, की सगळे बघत राहतील," असं म्हणून तिनं माझ्या एवढ्याशा खोलीत गिरकी घेतली. कात्री पडली टेबलावरून. ती मी उचलून ठेवली. जाताना म्हणाली, "मामी, तू नुसती बसून बघ हं या लग्नात. तुला कुठलंच काम नाही."

तर मी बसून बघणार आहे.

साधना

*

संत तुकाराम नगर,
३ जानेवारी २०२५

प्रिय दिव्या,

लग्न होऊन चार आठवडे होत आले. बॅग आली नाही. यांना विचारलं तर म्हणाले, सुजित रोज भेटतो, आम्ही एकत्र डबा खातो, बॅगेचं तो काही बोलत नाही. मीही पुढे विचारलं नाही. कारण मला माहीत आहे, आणि मला वाटतं ते तुलाही माहीत आहे. हे पत्र सुजितच्या हाती द्यायची हिंमत झाली नाही, म्हणून पोस्टानं पाठवते.

मी तुला चुकीचं लिहिलं. चुकून नाही.

ओरेब कापलेलं कापड आपल्याच वजनानं खाली उतरतं. एका बाजूनं दोन बोटं, दुसरीकडून चार. म्हणून कळ्या जोडल्या की घागरा निदान दोन दिवस टांगून ठेवायचा, त्याला उतरायचं तेवढं उतरू द्यायचं, मग खालून सारखा कापायचा, आणि मग पट्टी लावायची. मी टांगायचं लिहिलं नाही. उलट लगेच पट्टी लाव म्हणून लिहिलं. तू परत विचारलंस तेव्हा काही राहिलं नाही म्हणाले. ते लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही.

तुझा राग होता असं म्हणू का? तू माझं काहीच वाईट केलं नव्हतंस. तू मला काम पाठवत होतीस, माझ्या मानेची विचारपूस करत होतीस, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. तुझ्या बॅगेची चेन उघडली की नव्या कापडाचा आणि तुझ्या दुकानातल्या उदबत्तीचा वास यायचा. माझ्या खोलीत मशीनच्या तेलाचा वास येतो. मी तुझ्या ब्लाऊजला हूक लावत बसायची आणि तुझी प्रत्येक शिवण उलटी करून चूक शोधायची. सापडली की तो दिवस माझा चांगला जायचा. हल्ली सापडत नव्हती.

आता लग्नाचं सांगते. मोशीच्या कार्यालयात मी सकाळी नऊलाच पोचले होते. लग्न लागलं, शालू बदलून सोनू घागरा घालून यायची होती. मी स्टेजसमोरची पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवली. यांनी जेवायला बोलावलं तरी उठले नाही. डावीकडे झोळ पडेल, उजवीकडून पट्टी लोंबेल, चालताना पायात येईल आणि सुमनताई सगळ्यांदेखत म्हणतील, "साधनाकडंच द्यायला पायजे होता." हे वाक्य मी घरी भांडी घासताना, पोळ्या लाटताना इतक्या वेळा मनात ऐकलं होतं की त्यातला सुमनताईंचा आवाजसुद्धा मला पाठ झाला होता.

सोनू आली. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. खाली बघितलं. पट्टी जमिनीपासून बोटभर वर, चारी बाजूंनी सारखी. मला वाटलं, बसली की बिघडेल. ती बसली, उठली, काही झालं नाही. मग मैत्रिणींनी तिला गिरकी घ्यायला लावली. घेर असा उघडला, दिव्या, की स्टेजवरची माणसं मागे सरकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. त्या वेळी मी मनाला विचारलं, पोरगी अडखळून पडली असती तर तुला बरं वाटलं असतं का? जे उत्तर आलं ते मी इथं लिहू शकत नाही.

सुमनताई तुझं कौतुक करायला लागल्या तेव्हा तू मोठ्यानं म्हणालीस, "हे सगळं साधनाताईंनी मला पत्रात लिहून दिलं होतं. मी फक्त तसं केलं." सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. कुणी माझा हात धरला. तू माझ्याकडे बघत होतीस आणि हसत नव्हतीस.

पाठवणीला सोनू माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हाही मी तिच्या खांद्यावरून खाली पट्टीच बघत होते. एखादा तरी टाका सुटला असेल म्हणून.

मला माफ कर असं लिहायचं असतं, पण ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल. तेवढं मागायचा मला अधिकार नाही. फक्त एक कळव. तुला कधी समजलं?

साधना

*

रावेत,
१३ जानेवारी २०२५

साधनाताई,

तुमचं बारा नोव्हेंबरचं पत्र वाचत होते तेव्हाच समजलं.

माझा पहिला अंब्रेला फ्रॉक तुम्ही विसरलात का? सुजितच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीसाठी केला होता. तो तुमच्या कपाटाच्या दाराला टांगला होता. मी घाई करायला लागले तर तुम्ही माझ्या हातातून सुई काढून घेतलीत आणि म्हणालात, "अगं, उतरू दे त्याला. माणसाला नाही का नव्या घरात सैल व्हायला दोन दिवस लागत?" तेव्हा मला जालन्याहून येऊन महिनाच झाला होता. मी मागच्या खोलीत जाऊन रडले होते, कारण तुम्ही फ्रॉकबद्दल बोललात की माझ्याबद्दल, ते मला कळलं नव्हतं. असली गोष्ट मी विसरेन असं तुम्हाला वाटलं कसं?

आधी मला वाटलं, तुम्हीच विसरलात. मग "ठेवून देऊ नकोस" हे परत वाचलं. तरी विचारून बघितलं. ताई, मी विचारलं म्हणजे पदर पसरला होता तुमच्यापुढे. "अगं, टांगायचं राहिलंच" एवढी एक ओळ आली असती, तर ती खोटी आहे हे कळूनही मी खरी धरली असती. तुमचं उत्तर आलं आणि मी घागरा चार दिवस टांगून ठेवला. दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारायची, "अय्या, केवढा पसरलाय! कुणाचा?" मी सांगायची आणि आत जाऊन तोंड धुऊन यायची.

लग्नात मी तुमचं नाव घेतलं ते मोठ्या मनानं नाही. सगळ्यांसमोर तुम्हाला लागावं म्हणून घेतलं. लागलं, हे तुमच्या तोंडावरून कळलं. मला बरं वाटलं. पण घरी येईपर्यंत ते टिकलं नाही.

तुम्ही एवढं लिहिलंत, तर मीही लिहिते. हेवा तुम्हालाच वाटतो असं समजू नका. महिनाभर मी सोनूच्या अंगाला टेप लावली, टाचण्या लावल्या. दर फिटिंगला ती म्हणायची, साधनामामी असं करते, साधनामामी टाचणी तोंडात धरून गाणं म्हणते. तीन बाजूंनी आरसे लावले मी, आणि त्या आरशांत ती तुम्हालाच बघायची. तुम्हाला तिनं सोफ्याचं आणि कॉफीचं सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या दुकानात बसून ती मशीनच्या तेलाच्या वासाचं सांगायची.

आणि पाठवणीचं. तुम्ही पट्टी बघत होतात. मी तुमच्या मागेच उभी होते, गाडीत बसताना तिचा घेर उचलून धरायला. ती तुमच्या कानाशी काहीतरी बोलली आणि तुम्ही "हो, हो" म्हणालात. मला वाटलं, तुम्ही ऐकलंत. तुमच्या पत्रावरून कळलं की तुम्ही ऐकलंच नव्हतं. ती म्हणाली होती,

"मामी, तिकडं मला कोण विचारंल गं, कुठं टोचतंय का म्हणून?"

मला इतका हेवा वाटला ताई. घागरा मी शिवला, दर फिटिंगला हे मी विचारत होते, आणि ती हे तुम्हाला बोलली. मी ते वाक्य लक्षात ठेवलं आणि तुमच्याजवळ कधी काढायचं नाही असं ठरवलं. तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले, तरी मी ते लिहावं की नाही याचाच विचार करत होते. म्हणजे मीही तुमच्यासारखंच केलं. एक गोष्ट सांगायची ती सांगितली नाही.

माझा राग गेलेला नाही. बॅग इतक्यात पाठवणार नाही. तुम्हीही पाठवा म्हणू नका.

दिव्या

*

संत तुकाराम नगर,
१६ जानेवारी २०२५

दिव्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. दारात उभ्यानंच वाचलं. तुझ्या रागाबद्दल, माझ्याबद्दल जे लिहायचं ते मी नंतर लिहीन. आधी हे वाच.

मी लगेच सोनूला संगमनेरला फोन लावला. तिच्या सासूनं उचलला. सोनूचा फोन हल्ली त्यांच्याकडेच असतो, हे मला आज कळलं. म्हणाल्या, ती कामात आहे. पाच वाजता परत लावला तर म्हणाल्या, पाच मिनिटं बोला, आणि तिला दिला. मी विचारलं, थंडी कशी आहे, जेवण कसं आहे, जावयाची नोकरी कशी चाललीय. सगळं छान आहे म्हणाली. आवाज एकदम स्वच्छ, जसा पाहुण्यांसमोर काढतात तसा. सुमनताईंना ती रोज हेच सांगत असणार.

मग मी विचारलं, "सोनू, कुठं टोचतंय का गं?"

मागं कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी तिला हाक मारली. मला वाटलं, ठेवला फोन. तेवढ्यात अगदी हळू म्हणाली, "व्हय मामी." आणि फोन बंद झाला.

सुमनताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नव्या नवरीला असंच होतं, तू उगाच डोक्यात काही घेऊ नको. असेल तसंही. पण त्या पोरीचं अंग मी ती वीतभर होती तेव्हापासून मापलं आहे. ती उगाच कुठं टोचतंय म्हणत नाही. पायात टाचणी शिरली तरी आधी ओठ चावायची.

लग्नाच्या दिवशी तिनं मला सांगितलं आणि मी तुझी पट्टी बघत होते. तू ऐकलंस आणि माझ्यावर रुसून बसलीस. सहा आठवडे गेले त्यात.

शनिवारी सकाळी मी संगमनेरला निघते. नाशिक फाट्यावरून साडेसातची एसटी आहे. सासूला सांगेन, घागऱ्याची कंबर सैल होती, ती बसवून द्यायला आले. शिवणारी बाई आत जाऊन दार लावून माप घेते म्हणाली तर कुणी अडवत नाही. दाराआड ती काय सांगेल ते ऐकून घेऊ, आणि गरज पडली तर तिला बरोबर घेऊनच येऊ. मग सुमनताईंना काय वाटायचं ते वाटू दे.

हे पत्र उद्या पहिल्या पाळीला सुजितच्या हातात पडेल, चारपर्यंत तुझ्याकडे येईल. घागरा तू शिवलास, तेव्हा तू आलीस तर सासूला ते खरं वाटेल. आणि एकटीनं त्या घरात शिरायची मला भीती वाटते, हेही खरं आहे.

माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मी खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी धरून ठेवते. टेप घेऊन ये.

साधना